खोली

शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा.
शटरच्या आत फायबरग्लासची धूळ,
अंघोळीनंतरही कोपराच्या वळीत खाजत राहणारी.

या महिन्यात आम्ही एक मुलगी बनवतोय.
साडेतीन मीटर उंच, नाक म्हणजे नुसता ठिपका,
जिवणी एवढीशी
आणि एकेक डोळा माझ्या छातीएवढा.
खांद्यावर ससाणा, तोही बाळसेदार, गुलाबी.
अबायाच्या काठाला हसणारी फुलं, चारशे बारा.
मी मोजली, कारण टेप मलाच लावायची होती.

चित्रकर्ती हेस्सा, खोरफक्कानची.
सांगते, लहानपणी दुपारी टीव्हीवर
जपानी यंत्रमानव शुद्ध अरबीत भांडायचे,
ग्रंथातल्या अरबीत, जी घरात कुणी बोलत नव्हतं.
एकदा शाळेत तिनं त्या भाषेत पाणी मागितलं
आणि वर्ग हसून आडवा झाला.
अर्धं बालपण टोकियोत गेलं माझं, म्हणते,
टोकियो अजून पाहायचं आहे.

तिच्यासारखे आणखी आहेत, कुवेतला, मनामाला.
कुणी कॉफीच्या सुरईला पापण्या लावतो,
कुणी तेलविहिरीला शेपूट.
जपान्यांकडून त्यांनी उचललं ते एवढंच, म्हणे:
सगळं वरच ठेवायचं. सावली नको, लांबचं-जवळचं नको,
देव्हारा आणि चॉकलेटचा कागद एका रांगेत.
नियामतनं मला त्याच्या उर्दूत समजावलं,
मी ते माझ्यात आणलं:
या चित्रांना खोली नसते.

खोली नसते!
सातजण राहतो आम्ही एकीत, आठवी कॉट सामानाची,
माझा पलंग वरचा, छत नाकापासून वीतभर.
मला विचारा.

सपाट मला नवं नाही.
आमच्या पिंगुळीच्या पोथीत राम असाच, एका कुशीनं चालणारा,
रावणही तसाच,
दोघांचे डोळे मासोळीचे, गालाबाहेर निघालेले.
मागे डोंगर नाही, आभाळ नाही,
कागदाचा पिवळेपणा तेवढा.
बाबा एकेक पान उभं करून गायचे,
अंतर जे काही असेल ते त्यांच्या गळ्यात.

त्यांना फोटो पाठवला.
उत्तर आलं आवाजात, मागे कोंबड्यांचा गलका:
ह्या कोणाचा आख्यान रे?
आणि डोळे शेवटाक काढ.
आदी काढलंस तर बघीत रवतला ता.

म्हणून डोळे शेवटी.
आराखड्यात बुबुळावर दोन पांढरे गोल,
उजेड पडल्याची खूण, एक मोठा, एक धाकटा.
रात्रपाळी. रोडेल नूडल्स आणायला गेलेला.
तीन शून्यांचा ब्रश, करड्या रंगाचा थेंब,
आणि मोठ्या गोलात, उजेडाच्या आत,
मी एक खिडकी काढली.
तिच्यात एसीचा डबा, आडवी दोरी,
दोरीवर फ्रान्सिसची लुंगी, तिच्या चौकटींसकट.
मग भीती वाटली. पुसणार होतो.
लॅकर बसलं होतं.

सकाळी हेस्सा टॉर्च घेऊन, इंचाइंचानं.
शू हादा?
माझ्या तोंडून आपली भाषा निघाली: खोली.
तिनं ऐकलं: खल्ली.
तिच्या भाषेत, असू दे. राहू दे.
वर्कशॉपमधल्या माणसानं
तिला असं सांगितलं नसावं कधी.
ती माझ्याकडे बघत राहिली,
टॉर्च तशीच चालू.
मग हसली. खल्ली, म्हणाली,
आणि पुढच्या डोळ्याकडे गेली.

मंगळवारी मुलगी दोहाला निघाली,
फोममध्ये, लाकडी पेटीत, बाणाचं टोक वर.
सीमेच्या नाक्यावर पेटी उघडतील,
एखादा कस्टमवाला डोळ्यात उजेड मारेल
आणि उजेडातल्या उजेडात
कुणाची तरी लुंगी वाळताना दिसेल त्याला.
किंवा दिसणार नाही. शिक्का मारून सोडेल.

आख्यान कोणाचं, ते बाबांना अजून कळवलेलं नाही.
पुढच्या महिन्यात मनामाचा ऑक्टोपस आहे,
आठ हात, डोळा एकच.